गुरुवारचे ठोके

सूनबाईने सासूबाईंना फोन लावला आणि तो समोरच्या काउंटरखाली वाजला.

लाँड्रीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. लाँड्रीवालीने हातातली इस्त्री थांबवली नाही की वर पाहिलं नाही. फक्त पायाने काउंटरखालची वेताची टोपली आणखी आत सरकवली. टोपली वाजतच राहिली. सूनबाईने फोन बंद केला, टोपली गप्प झाली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली.

"त्या साडेचारला येतात," लाँड्रीवाली शेवटी म्हणाली.

"कुठून?"

"ते मी विचारत नाही."

सूनबाई ज्यांच्याकडे कामाला होती त्या कानाच्या डॉक्टरांची गुरुवारी ऑपरेशनं असत, म्हणून दवाखाना दुपारी बंद होई. घराची किल्ली सूनबाई दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटाच्या खिशातच विसरली होती. फोनमधल्या नकाशावर सासूबाई लाँड्रीत दिसत होत्या, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांच्याकडची किल्ली घ्यावी, एवढ्याच कामासाठी ती आली होती.

तिने न विचारताच वाकून पाहिलं. टोपलीत जुना टॉवेल अंथरला होता आणि त्यावर पाच-सहा फोन तान्ह्या पोरांसारखे एका कुशीवर निजवले होते. प्रत्येकाला कपड्यांना लावतात तसली नंबराची कापडी चिठ्ठी रबराने बांधलेली. सासूबाईंचा फोन चार्जरला लावलेला होता.

"बॅटरी संपली की घरचे घाबरतात," लाँड्रीवाली म्हणाली. "कुणाचा लागोपाठ तीनदा वाजला तर मी उचलते. 'बाई आत चादरी बघतायत, मशीनचा आवाज आहे, निरोप देते' म्हणते. अगदीच खोटं नाही, चादरी असतातच."

चादरी असत, हे खरं होतं. गेलं वर्षभर घरातल्या चादरी पुठ्ठ्यासारख्या कडक असत. नवरा त्यावरून आईचं कौतुक करी, आणि त्या चादरींवर झोपताना सूनबाईचीही कधी तक्रार नव्हती.

"पण हे सुरू कसं झालं?" तिने विचारलं.

"एक बाई कोटाच्या खिशात फोन विसरून गेल्या. मला वाटलं, आत्ता धावत येतील. आल्या त्या दोन तासांनी, रमतगमत. म्हणाल्या, आज फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विसरू का?"

सूनबाईला घरात 'चौकशी खिडकी' म्हणत. हे नाव नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठेवलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. जिन्यात अनोळखी चप्पल दिसली तर ती कुणाची हे कळेपर्यंत तिचा चहा गार होई. दवाखान्यात तिची नोकरीही अशीच होती. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाला यंत्र बसवायचं, आणि महिन्याभराने ते यंत्र कपाटात का जाऊन पडलं हे शोधून काढायचं. आधी सगळे म्हणत, टोचतं. मग म्हणत, गोंगाट फार येतो. ती काही न बोलता बसून राहिली की तिसरं उत्तर येई, आणि बहुधा तेच खरं असे. एक आजोबा तिसऱ्या खेपेला म्हणाले होते, "यंत्र नव्हतं तेव्हा ही जवळ येऊन बोलायची."

त्या दुपारी ती लाँड्रीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. साडेचारच्या सुमारास सासूबाई चौकातून आल्या. बाजार, बँक, बाग यातलं काहीच त्या दिशेला नव्हतं. केस वाऱ्याने विस्कटलेले होते, चपला तांबड्या मातीने भरल्या होत्या आणि चालण्यात कसलीही घाई नव्हती. दुकानात शिरल्या, चादरींचा गठ्ठा आणि फोन घेऊन बाहेर आल्या, आणि घराच्या दिशेने वळताना त्यांचं चालणं पुन्हा नेहमीचं झालं.

सूनबाईने त्यांना इमारतीच्या फाटकाशी गाठलं.

"आई, किल्ली विसरले मी."

"अगं, मग फोन करायचास. मी लाँड्रीत होते."

"हो, नकाशावर दिसलं."

"दिसणारच," सासूबाई म्हणाल्या आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या.

नकाशाची सुरुवात मायेतून झाली होती, हे सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई बसमधून उतरताना घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. पर्स आणि फोन बसमध्येच राहिले, बस निघून गेली. कुणी भल्या माणसांनी त्यांना एका दवाखान्याच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. भोवळ आल्याने त्यांना घरचा एकही नंबर धड आठवेना. संध्याकाळपर्यंत त्या मोडका हात मांडीवर घेऊन बसून होत्या, आणि मुलगा शहरभर वेड्यासारखा फिरत होता. सापडल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवलास का?" तो तिथेच पायरीवर बसून रडला. त्यानंतर त्याने घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये नकाशा घातला. दूरच्या शहरात राहणारी थोरली बहीणही त्यात आली. नकाशावर प्रत्येकाचा गोल फोटो, आणि तो जिथे माणूस तिथे.

हाच नवरा बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता आणि स्वतःच्या बाबतीत भारी सावध होता. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड. कुठलं ॲप काय मागतंय हे वाचल्याशिवाय तो बोट टेकवत नसे. आपण कुठे जातो, काय बघतो हे कंपन्यांना कळू नये म्हणून त्याने नाना उपाय करून ठेवले होते. सासूबाईंनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"मग माझं कसं कळतं तुला?"

"ते वेगळं, आई. त्या कंपन्या. आपण घरचे."

"कंपनी बरी," सासूबाई म्हणाल्या होत्या. "ती फोन करून विचारत तरी नाही."

विचारायची ती नणंद. तिची माया मोठी आणि दुपार रिकामी. 'आई, आज भाजीला उलट्या बाजूने का गेलीस?' 'आई, बँकेत एवढा वेळ?' 'आई, बागेत तू बसतेस त्या बाकावर ऊन नाही का येत?' शेकडो मैलांवरून तिला बाकावरचं ऊन दिसत होतं. एके दिवशी सासूबाईंनी स्वतःच सेटिंग शोधून काढलं आणि नकाशा बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनमधलं काहीतरी कुणालाही न विचारता शिकल्या होत्या. मिनिटभरात घरातल्या प्रत्येकाचा फोन किणकिणला: आईंनी आपलं ठिकाण दाखवणं थांबवलं आहे. नणंदेचा फोन आला, मुलगा मीटिंग टाकून टॅक्सीने घरी धडकला. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"चुकून दाबलं गेलं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कधी त्या बटणाच्या वाटेला गेल्या नाहीत. उलट नणंद सगळ्यांना सांगे, आईचं ठिकाण बघा, कधी म्हणून गायब होत नाही, बॅटरी कायम भरलेली. शिका जरा तिच्याकडून.

किल्ली मिळाली, दार उघडलं, चहा झाला, आणि सूनबाई कुणाला काही बोलली नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिला आधी स्वतःला कळायला हवं होतं, हे एक. चौकशी करणारी माणसं माहिती वाटण्यात तेवढी उदार नसतात. पुढचे काही गुरुवार ती सासूबाईंच्या चपला बघत राहिली. एकदा पांढरी धूळ होती, एकदा लाकडाचा भुसा. एकदा चपला स्वच्छ धुतलेल्या होत्या, आणि ते तर तिला फारच संशयास्पद वाटलं. ती रात्री अंथरुणावर पडून अंदाज बांधी आणि सकाळी मोडी. संसारात इतकी मजा तिला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

मग घड्याळ आलं.

नणंदेने पाठवलं होतं. चांगलं, महागातलं. हाताला बांधलं की माणूस कुठे आहे ते दाखवी आणि हृदयाचे ठोकेही मोजी. हातातून काढलं तर दोन्ही मुलांच्या फोनवर निरोप जाई: ठोके मिळत नाहीत.

"तू म्हाताऱ्या माणसांना यंत्रं वापरायला लावतेस ना," नणंद व्हिडिओवरून सूनबाईला म्हणाली. "मग आईला तूच सवय लाव. आमचं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल."

"एकदम दिवसभर नको," नवरा म्हणाला. "तू पेशंटना सांगतेस तसं, आधी थोडा वेळ."

सासूबाईंनी डावा हात पुढे केला, मोडून जुळलेला. सूनबाईने पट्टा लावला. एक बोट आत जाईल इतका सैल ठेवला, हे ती रोजच्या कामासारखं सफाईने करत होती. सासूबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या. घड्याळाची काच उजळली आणि तिच्यावर आकडा आला. दूरच्या शहरात नणंदेने टाळी वाजवली.

त्या गुरुवारी सासूबाई लाँड्रीत गेल्या नाहीत. पुढच्याही गुरुवारी नाही. खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या आणि खालचा रस्ता बघत राहिल्या. चादरी मऊ पडल्या. जेवताना त्या विचारलेल्याचं उत्तर देत, पण आपणहून काही बोलत नसत. मुलगा खूष होता. "आई हल्ली घरीच असते, बरं वाटतं." नणंद म्हणे, "आईचे ठोके बघ किती संथ, किती छान." सूनबाईला ते संथ ठोके ऐकवत नव्हते. घड्याळ तिने स्वतःच्या हाताने बांधलं होतं, आणि ते तिला रोज दिसत होतं.

तिसऱ्या गुरुवारी दवाखान्यातून आल्यावर तिने स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या समोर बसली, पेशंटच्या समोर बसते तशी.

"टोचतं का घड्याळ?"

"थोडं."

ती थांबली.

"रात्री त्याचा उजेड पडतो तोंडावर," सासूबाई म्हणाल्या. "आणि सारखं विचारतात गं. जिना चढले की लेकीचा फोन. ठोके का वाढले? अगं, जिना चढले म्हणून वाढले."

ती अजूनही थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासूबाईंनी घड्याळाचा पट्टा उगाच मागेपुढे केला.

"घरी आलं की सांगायला काही उरत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी मी बाहेरून आले की दारातच सुरू व्हायचे. चप्पलसुद्धा काढायचे नाही, ह्यांना सांगत सुटायचे. कोण भेटलं, कुठे रांग होती, कोण कुणाशी भांडलं. ते गेले, मग मुलाला सांगायचे. आता मी म्हणायला जाते, आज बँकेत... तो म्हणतो, हो, पाहिलं, बराच वेळ होतीस. संपलं. उघडलेलं तोंड तसंच मिटायचं. माझी बातमी माझ्या आधी घरी पोचलेली असते."

सूनबाईने जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, टोपलीत फोन ठेवून कुठे जायचात?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"लाँड्रीवाली बोलली?"

"नाही हो. मला किल्ली हवी होती, त्या दिवशी."

"म्हणजे तेव्हापासून तुला माहीत आहे? आणि तू विचारलं नाहीस? तू?"

"नाही विचारलं."

सासूबाई हसल्या. घड्याळ आल्यापासून पहिल्यांदाच.

"बसने जाते. शेवटच्या थांब्यापर्यंत. कुठलीही बस, दर वेळी वेगळी. इतकी वर्षं या शहरात राहिले, पण प्रत्येक बसमधून मधेच उतरले. बाजाराला, शाळेला, दवाखान्याला. पाटीवर शेवटचं नाव वाचायचे आणि उतरायचे. तिथे काय असतं, हे कधी बघितलंच नव्हतं."

"काय असतं?"

"एका ठिकाणी शिड्यांचा कारखाना आहे. नुसत्या शिड्या, आभाळाला टेकवून ठेवल्यासारख्या. एका ठिकाणी पाटीवर तळं लिहिलंय, आणि तळं नाहीच. बुजवलं म्हणे. मी तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं तर त्याने मला काठाकाठाने फिरवून आणलं, नसलेल्या तळ्याच्या. एकदा ड्रायव्हर म्हणाला, बाई, इथून पुढे काही नाही. म्हटलं, तेच बघायला आले."

सूनबाईने तांबडी माती, पांढरी धूळ आणि भुसा मनातल्या मनात जागच्या जागी लावून टाकला. मग तिला मनगट आठवलं.

"आणि पुन्हा पडलात तर?"

"भीती वाटते ना, मलाही वाटते. बस पुरती थांबल्याशिवाय जागेवरून उठत नाही, दांडा सोडत नाही. पर्समध्ये तुझ्या दवाखान्याचं कार्ड ठेवलंय, वरच्याच कप्प्यात. कुणी उचललं तर तुला फोन येईल."

त्याच दिवशी दोघी चादरी घेऊन लाँड्रीत गेल्या. लाँड्रीवालीने घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं आणि मान हलवली.

"फोन निपचित पडून राहतो. याला जिवंत माणूस लागतं. माझ्या हाताला बांधाल तर इस्त्रीचे ठोके जातील, घरचे डॉक्टर घेऊन येतील."

सासूबाईंनी घड्याळ परत घ्यायला हात पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी गोष्ट व्हायची नव्हतीच, असं स्वतःला समजावणाऱ्या माणसाचा असतो तसा तो होता. सूनबाईने आपली बाही वर केली.

"इथे बांधा," ती म्हणाली. "मला तरी गुरुवारी दुसरं काय काम असतं?"

पहिल्या वेळी बांधाबांधीत उशीर झाला आणि निरोप गेलाच. "हात धुतले," सासूबाईंनी फोनवर सांगितलं. पुढे दोघींचा हात बसला. एक काढते तोवर दुसरीचं मनगट तयार. सासूबाई बसला जात आणि सूनबाई टोपलीशेजारच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसे. सासूबाईंचं हृदय म्हणून तिचं हृदय दूरच्या शहरात दिसत राही.

"तुम्ही सासू-सुना मिळून एवढं काय धुता?" नवरा म्हणे. त्याला दोघी एकत्र असतात याचाच आनंद होता. नणंद म्हणे, "गुरुवारी दुपारी आईचे ठोके अगदी तरुण बाईसारखे असतात हं. त्या लाँड्रीची वाफ मानवते तिला."

परतीच्या त्या दोन गल्ल्या सासूबाई बोलत असत. सूनबाई मुद्दाम सावकाश चाले. नर्सरीतल्या माळ्याने कुंड्यांना मुलींची नावं दिली होती, त्यातली एक मुळीच वाढत नव्हती. शेवटच्या थांब्यावरच्या एका शाळेत घंटा नव्हती, तर शिपाई हाका मारून तास संपवी. फाटकाशी आल्यावर दोघी थोडा वेळ उभ्या राहत, मग वर जात. फक्त एक गोष्ट सूनबाईने सांगितली नाही. बस दिसेनाशी झाली की ती पुस्तकाचं पान उलटत नसे. आता नकाशात बघून काही कळणार नव्हतं. नवरा दुपारी कामाच्या मधेच तो नकाशा का उघडतो, हे तिला त्या स्टुलावर बसून समजलं, आणि याबद्दल आपण त्याला किती हसलो हेही आठवलं.

आणि एका गुरुवारी सासूबाई आल्या नाहीत.

साडेचार वाजून गेले. टोपलीतले फोन एकेक करून निघाले; बायका आल्या, चिठ्ठी दाखवून आपापला फोन घेऊन गेल्या. सासूबाईंचा तेवढा उरला. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. चौकातून एक बस आली, त्यातून कुणी ओळखीचं उतरलं नाही. लाँड्रीवालीने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि शटर अर्ध्यावर आणलं, पूर्ण नाही.

"कुठल्या बसने गेल्या?" तिने पहिल्यांदाच विचारलं.

"ते मी विचारलं नाही," सूनबाई म्हणाली.

नवऱ्याला फोन करावा तर काय सांगायचं? आई हरवली, आणि ती हरवावी म्हणून मी दर गुरुवारी इथे बसते? तो पायरीवर बसून रडला होता तो दिवस तिने पाहिला होता. दवाखान्यात कुणी कार्डावरचा नंबर फिरवत असेल तर तिथे आज दार बंद होतं, फोन उचलायला कुणी नव्हतं. हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. गुरुवार म्हणूनच तर ती इथे होती.

टोपलीतला फोन लागोपाठ तीनदा वाजला, लाँड्रीवालीने उचलून चादरींचं सांगितलं, आणि मग सूनबाईचा फोन वाजला. नणंद.

"अगं, आईचे ठोके बघतेयस का? एकशे वीसच्या वर गेलेत. जिना वगैरे चढतेय का ती?"

"नाही, ताई."

"बसलीय?"

"उभ्या आहेत."

"मग झालं काय तिला? कधीचे वाढतायत. मी तिला फोन केला, तर तुमची ती लाँड्रीवाली चादरींचं सांगतेय. मला नीट सांग."

सूनबाईची नजर चौकावरून हलत नव्हती.

"वाट बघतायत, ताई. घरचं माणूस अजून आलं नाहीये, म्हणून."

"कुणाची वाट? तुझ्या नवऱ्याची? तो तर ऑफिसात दिसतोय."

चौकात आणखी एक बस थांबली. दार उघडलं, आणि ते फार वेळ उघडंच राहिलं. मग दांडा घट्ट धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत सासूबाई उतरल्या. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या वळल्या, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेने येऊ लागल्या, नेहमीसारख्याच, न घाबरता. सूनबाईने दाराच्या चौकटीला हात टेकला. तिला बसावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं, पण फोन कानाला होता.

"थांब," नणंद म्हणाली. "ठोके उतरतायत. उतरले गं."

पलीकडे ती नकाशावरची माणसं एकेक करून मोजत होती: भाऊ ऑफिसात, आपण इथे, सूनबाई लाँड्रीत.

"अगं," नणंद मग म्हणाली, आणि तिचा एवढा हळू आवाज सूनबाईने कधी ऐकला नव्हता. "नकाशावर ती तुमच्या लाँड्रीत दिसतेय. मला खरं सांग. आई कुठे आहे?"

सासूबाई तोवर पायरीशी पोचल्या होत्या. त्यांनी सूनबाईचा चेहरा पाहिला, मग फोनवरचं नाव पाहिलं. हातातलं पुडकं पायरीवर ठेवलं.

"विचारतायत, तुम्ही कुठे आहात," सूनबाई म्हणाली.

"खरंच विचारतेय?"

सूनबाईने मान डोलावली.

सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला, अर्ध्या शटरखालून वाकून आत आल्या आणि स्टुलावर नीट टेकून बसल्या.

"अगं, काय सांगू," त्या लेकीला म्हणाल्या. "आज बसच बंद पडली मधे, आम्ही सगळे खाली उतरलो, तर तिथे..."

सूनबाई मनगटावरचा पट्टा सोडायला गेली. मग ठोके मिळत नाहीत असा निरोप आत्ता मधेच नको म्हणून तिने तो तसाच राहू दिला, आणि ऐकायला दाराशी टेकून उभी राहिली.